गोजरमावशीची चाळीस फुटी माकूळ

आमच्या गल्लीत भांडणं पाण्यावरून होतात. पाण्यातल्या जनावरावरून झालेलं भांडण मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेही समुद्रापासून इतक्या लांब, नळ कोरडे पडलेल्या उन्हाळ्यात. साल दोन हजार सोळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मुद्दा एकच होता. गोजरमावशीनं ताडपत्रीची जी महाकाय माकूळ शिवली होती, तिचे दोन लांब हात कापायचे की नाही? एका बाजूला जयंती मंडळाचा अध्यक्ष अतुल, म्हणजे माझा सख्खा दीर, कात्री घेऊन उभा. दुसऱ्या बाजूला गोजरमावशी, त्या हातांवरच मांडी ठोकून बसलेली. मी करुणा, बजाजनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि ही माकूळ गल्लीत आणण्याचं पाप माझं. त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकते.

मावशी मूळची गंगापूर तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात आईचं बोट धरून शहरात आली. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि ही शेजारी बसून धाकट्या भावंडांना सांभाळायची. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. पुढं लग्न झालं ते ताडपत्री शिवणाऱ्या माणसाशी. जालना रोडला ट्रक थांबायचे, तिथं हाफिजभाईंचं दुकान होतं, नवरा तिथं मशीनवर. त्याची नजर अधू झाली तेव्हा मावशी न विचारता त्याच्या जागी जाऊन बसली. हाफिजभाईंनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी तिची शिवण हातानं ओढून पाहिली. मग त्यांनी पुढची ताडपत्री तिच्यापुढं टाकली. ड्रायव्हर लोकांना मात्र वेळ लागला. एकजण म्हणाला, "मावशी, ही काय ब्लाऊजची शिलाई नाय." मावशीनं मान वर न करता सांगितलं, "व्हय, ब्लाऊजला अक्कल लागते. बस तिथं गप."

अशी ती. तिच्याशी बोलताना माणसानं आधी आपलं वाक्य दोनदा तपासावं.

वाळूजला कंपन्या वाढल्या, ट्रक वाढले, मावशीचं काम वाढलं. बिडकीनकडं शेतं जाऊन विमान उतरेल एवढे रुंद रस्ते झाले. आमच्या गल्लीसमोर पूर्वी जिथं बाभळी होत्या तिथं आठ-आठ मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी पाइपलाइन आमच्या दारावरून गेली. आमच्यासाठी ती थांबली नाही. कारण सांगायचे की नकाशात आमची गल्लीच नाही. मोजणीचा एक माणूस यायचा, कागद पसरायचा आणि म्हणायचा की इथं मोकळी जागा दाखवलीय. मावशी कमरेवर हात ठेवून त्याला विचारायची, "मंग मी कुठं हुभी हाय?" तो कागदाकडं बघायचा, मावशीकडं बघायचा आणि कागदावर विश्वास ठेवून निघून जायचा. मला अशा माणसांचा संताप येतो. अजून येतो.

तर त्या उन्हाळ्यात आमचं सगळं पाणी टँकरवर होतं. टँकर कधी येईल ते टँकरलाही माहीत नसायचं. त्यामुळं बायका ड्रम लावून ओळीत बसून राहायच्या. शाळा सुटल्यावर मीही बसायचे. वेळ जावा म्हणून एक दिवस मी मोबाईलवर समुद्राच्या तळाकडचा एक व्हिडिओ लावला. मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून चांदीसारखं चमकत काहीतरी प्रचंड वर आलं. हात पसरले, एक गोल डोळा सरळ आमच्याकडं बघून गेला. शेजारी मावशी बसली होती. तिनं माझा मोबाईल हातातून काढूनच घेतला.

"हे काय हाय गं?"

"महाकाय माकूळ. इंग्रजीत जायंट स्क्विड. कोकणात बाजारात वीतभर माकूळ मिळते ना, तिची ही थोरली बहीण. खोल समुद्रात राहते, ऊन पोचत नाही तिथं. अर्धा किलोमीटर खाली, त्याहूनही खाली."

"अंधारात दिसतं कसं मग तिला?"

"डोळा जेवणाच्या ताटाएवढा आहे मावशी. तिला खायला देवमासा येतो. तो पोहताना आजूबाजूचे बारीक जीव चमकतात, ती अंधुक चमक तिला लांबूनच दिसत असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं."

मग मावशीनं मला सोडलंच नाही. रोज ओळीत बसलं की, "हं, पुढं?" आणि मी शाळेत कधी शिकवलं नाही इतक्या हौशीनं सांगायचे. माकुळीला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं. अंगात नवसागरासारख्या क्षाराचं पाणी भरलेलं असतं, ते समुद्राच्या पाण्याहून हलकं, म्हणून ती फारसे हातपाय न हलवता पाण्यात तरंगत राहू शकते. त्यामुळंच तिचं मांस माणसाला खाववत नाही, मुतारीसारखा वास येतो म्हणतात. यावर सगळी ओळ हसली. तोंडाला पोपटासारखी चोच असते. मेंदू कड्यासारखा, आणि घशाची नळी त्या कड्यातून जाते, म्हणून घास बारीक तोडूनच गिळावा लागतो, मोठा घेतला तर मेंदूला इजा. मावशी म्हणाली, "असं काही पुढाऱ्यायलाबी पाह्यजे व्हतं." नरापेक्षा मादी मोठी, हे सांगितल्यावर तर बायकांनी माकूळ आपल्यातच घेतली. त्या दिवसापासून तिला 'आपली बाई' म्हणायचं ठरलं.

पण मावशीच्या मनात दोन गोष्टी रुतल्या. एक म्हणजे, कितीतरी पिढ्या माणसांनी हिची फक्त मेलेली धुडं पाहिली होती, किनाऱ्याला लागलेली नाहीतर देवमाशाच्या पोटात सापडलेली. खलाशी सांगायचे ते शहाण्यांना थापा वाटायच्या. जिवंत माकुळीचा तिच्या घरात काढलेला पहिला फोटो दोन हजार चार सालचा, म्हणजे आमच्या गल्लीत वीज आली त्याच्याही नंतरचा.

"पण ती व्हती," मावशी म्हणाली.

"होतीच की. लाखो वर्षं."

"कुणी बघू नाय तर ना बघू. ती व्हती." हे ती स्वतःशीच दोनतीनदा म्हणाली आणि तिचा आवाज चढला. ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या.

दुसरी गोष्ट देवमाशाची. देवमासा माकुळीला खातो, हे मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. मग मी सांगितलं की पकडलेल्या देवमाशांच्या तोंडावर, डोक्यावर गोल गोल वण असतात. माकुळीच्या हातांवर शिकारीला चिकटून बसणारे पेले असतात, आणि पेल्यांच्या कडेला दात असलेली कडी. ती कडी देवमाशाच्या कातड्यात रुततात. मावशीनं मांडीवर थाप मारली. "म्हंजे मुकाट्यानं नाय जात त्याच्या पोटात!"

तिला ही बाई आवडली होती, आणि मावशीला काही आवडलं की ते शिवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

त्या वर्षी बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती. प्रत्येक मंडळाला काहीतरी मोठं करायचं होतं. आमच्या मंडळाच्या बैठकीला बायकांना बोलवायची पद्धत नव्हती. चहा मात्र आमच्याकडून जायचा. त्या दिवशी मावशी चहाचं पातेलं घेऊन आत गेली आणि बाहेर यायचं नाव घेईना. अतुल थर्मोकोलच्या संसद भवनाबद्दल बोलत होता. गेल्या वर्षीही तेच होतं, शेजारच्या तिन्ही गल्ल्यांतही तेच होणार होतं.

मावशी म्हणाली, "मी माकूळ करते. खऱ्या मापाची. ताडपत्रीची."

बैठकीत हशा पिकला. मी दारातून बघत होते. अतुल वाईट नाही. पण चारजण ऐकतायत म्हटलं की त्याचा आवाज वेगळा होतो. तो म्हणाला, "मावशी, जयंतीचा अन् माशाचा काय संबंध?"

"बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं का नाय?"

"सांगितलं."

"मंग अमुक शिका अन् माशाचं शिकू नका, असं कुठं म्हणले ते? दाखव मला." आणि पातेलं खाली ठेवून ती बसली. "संसद काय, गल्लोगल्ली दिसन. ही शहरात कुणाकडंच नसन."

हे शेवटचं वाक्य अतुलला लागू पडलं. शहरात कुणाकडंच नसेल अशी वस्तू कोणत्या अध्यक्षाला नको असते? त्यानं एवढंच विचारलं की वीस फुटी ट्रॉली ठरली आहे, चालेल ना? मावशी म्हणाली, चालेल.

आणि इथंच घोटाळा झाला. ताडपत्रीवाल्याला गाडीचं माप सांगितलं की तो त्याच मापाची ताडपत्री कधीच शिवत नाही. गाडीच्या चारी बाजूंनी ती खाली लोंबलीच पाहिजे. गाडीएवढीच असली तर हाफिजभाईंच्या भाषेत तो रुमाल. तेव्हा वीस फुटी ट्रॉली ऐकून मावशीनं मनात धरलं की माल वीस फुटांच्या पुढं जाणारच, त्यात विचारायचं काय. मी तिला सांगितलं होतं की धड, डोकं आणि आठ आखूड हात मिळून सोळा-सतरा फूट, पण शिकार धरायचे दोन लांब हात धरले तर चाळीस. ती म्हणाली, "चाळीस तर चाळीस."

कामाला दुकानामागचं पटांगण. हाफिजभाईंनी फाटक्या ताडपत्र्या दिल्या आणि विचारलं, "गोजरबी, ये क्या बला सी रहे तुम?" तिनं त्यांना सगळं समजावलं, तीन हृदयांसकट. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला ताडपत्री दाखवायच्या आधी माकूळ दाखवायला लागले. आत भरायला कडबा हवा होता, पण त्या वर्षी जनावरांना मिळत नव्हता तो माकुळीला कोण देणार? मग वाळूजच्या कंपन्यांतून यंत्रांच्या खोक्यांतला स्पंज आणि थर्मोकोलचा चुरा आणला. डोळ्यांना मावशीनं स्वतःच्या घरातली दोन स्टीलची ताटं लावली आणि तेवढे दिवस वाटीत जेवली. रंगावरून थोडी हुज्जत झाली. अतुलला जयंती म्हणून माकूळ निळी हवी होती. मी म्हटलं ती तांबूस असते. मावशीनं निकाल दिला, "रक्त निळंच हाय तिचं. कातडं राहू दे लाल." आणि लोखंडी खिडक्यांना लावतात तो लाल रंग फासला.

सगळ्यात बघण्यासारखे झाले ते हात. ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवायला पितळी रिंगा ठोकतात. मावशीनं आयुष्यभर त्याच ठोकल्या होत्या. माकुळीच्या हातांवर तिनं पेल्यांच्या जागी त्या रिंगा ठोकल्या, दुहेरी ओळीत, टोकाकडं दाट. ठोकताना ती देवमाशाला शिव्या घालायची. उन्हात ते हात असे झळकायचे की रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन उतरायचे. पूर्वी ब्लाऊजवरून बोलणाऱ्यांपैकीही कुणीतरी असेल, मला खात्री आहे.

जयंतीच्या दिवशी दुपारी माकूळ ट्रॉलीवर चढवली. धड बसलं, डोकं बसलं, आठ हात बसले. आणि दोन लांब हात ट्रॉलीवरून उतरून, ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी पुढं गल्लीभर पसरले, पार किराणा दुकानापर्यंत.

अतुलचा चेहरा बघण्यासारखा झाला. मिरवणुकीच्या समितीचा नियम होता की वाहनाच्या बाहेर सामान लोंबता कामा नये. गर्दीत कुणाच्या पायात आलं तर? नियम चुकीचा नव्हता, हे मलाही कबूल आहे. आधी त्यानं हात दुमडून बघितले. मोठी चादर छोट्या पेटीत कोंबावी तसा तो गोळा दिसायला लागला आणि डोळे झाकले गेले. मग त्यानं कुणाला तरी कात्री आणायला पाठवलं. मावशी जाऊन हातांवर बसली.

"मावशी, आठ हात हायत ना अजून? कुणाला कळणार हाय?"

"मला कळणार हाय."

"अवो, दोन कापले तर काय बिघडतं?"

"शिकार करायचे हात हायेत ते. ते कापले तर ती खाणार काय? देखावा खरा करायचा म्हून मी शिवला. खोटा करायचा तर तुहं संसद लाव, मह्या ताटांसकट हिला खाली उतरव."

मग मी एक मूर्खपणा केला. भांडण मिटावं म्हणून बोलून गेले की तसं पाहिलं तर पहिला फोटो काढला तेव्हा त्या माकुळीचा एक लांब हात आमिषाच्या गळात अडकला होता, चार तास तिनं झुंज दिली, शेवटी तो हात तुटून तिथंच राहिला आणि ती निघून गेली. अतुलनं हे वाक्य हवेतच झेललं. "बघा! वहिनी स्वतः सांगतायत. हाताबिगर बी जगती ती!"

मावशी उठली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मग अतुलकडं. मला वाटलं आता शिवी येणार. पण ती अगदी सावकाश बोलली.

"तिनं तोडला. सुटायसाठी तोडला. कुणी तिला म्हणलं नाय की गाडीत मावत नायीस म्हून तोड. बहात्तरपासून मी ह्या शहरात मावायला काय काय कापलं, तुला ठाव हाय का रे? शाळा कापली. माहेर कापलं. जागा नाय, पाणी नाय, नकाशात नाय, मंग जरा आखडून बस, जरा आखडून बस. आता हे नाय कापणार. मह्या हातानं शिवलेलं हाय. लाव कात्री, बघू."

अतुलच्या हातात कात्री होती. त्यानं ती लावली नाही, पण खालीही ठेवली नाही. "मंग नियमाचं काय करू? आपली गाडीच काढून टाकतील रांगेतून."

"नियम काय म्हणतो?"

"सामान गाडीबाहेर लोंबायचं नाय."

"अन् माणसं?"

"माणसं तर चालणारच ना गाडीबाहेर."

मावशी तेव्हा उठली. आमच्याकडं टँकर गल्लीच्या तोंडाशी दिसला की जी बाई आधी बघते ती हंडा बडवते, आणि मग कुणाची भाकरी तव्यावर असो की पोर मोरीत असो, सगळ्या धावतात. मावशीनं कुणाच्या तरी दारातला रिकामा हंडा उचलला आणि दगडानं बडवायला सुरुवात केली.

एका क्षणात दारं उघडली. जयंतीच्या पांढऱ्याशुभ्र साड्या नेसलेल्या बायका, कुणाची वेणी अर्धी, कुणाच्या एका कानात झुमका, हातात हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे कॅन घेऊन धावत आल्या. टँकर नाही असं बघितल्यावर ज्या काही शिव्या उठल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. माझ्या शेजारची सरूबाई तर कळशी उगारूनच आली. मावशी म्हणाली, "भांडी ठेवा खाली अन् हे धरा. हिचे हात कापायला निघालेत."

ही रोज टँकरच्या ओळीत बसून तीन हृदयांची गोष्ट ऐकलेली माणसं होती. कुणीही कामून म्हणून विचारलं नाही. सरूबाईनं कळशी खाली ठेवली, आणि उगारलेला हात तसाच खाली आणून ताडपत्रीला घातला. पाठोपाठ दोन्ही हातांना बायका लागल्या, वीस-बावीस तरी असतील, आणि ते लांब लाल हात पितळी रिंगांसकट जमिनीवरून उठून खांद्यांवर आले. मीही उजव्या हाताला होते. ताडपत्री तापली होती, रंगाचा वास येत होता आणि खांद्याला रिंगा टोचत होत्या.

अतुल म्हणाला, "असं कसं? बायका तर गाडीच्या मागं चालतात दरवर्षी."

बायकांनी माकुळीचे हात खांद्यांवर नीट बसवले. त्यानं कात्री खिशात घातली, टोक बाहेर राहिलं ते मी दाखवून दिलं, नाहीतर पँट फाटली असती.

क्रांती चौकात आम्ही रांगेत शिरलो तेव्हा पुढं डीजे, मागं डीजे, आणि मध्ये आम्ही. लोक आधी माकुळीचे डोळे बघायचे, मग हात, मग ते हात धरणाऱ्या आम्हाला. एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, हे काय आहे? मावशी चालता चालता ओरडून सांगत होती, "माकूळ! खोल पाण्यात राहती! कुणाला दिसत नव्हती, पण व्हती!" डीजेमुळं त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. त्यांनी हात जोडून जय भीम केला. मावशीनंही मानेनंच केला, हात रिकामे नव्हते.

भडकल गेटजवळ गर्दी दाटली. पुढं वाट निमुळती, मोठ्या मान्यवरांचं स्टेज डाव्या बाजूला. तिथं समितीचा एक कार्यकर्ता गळ्यात बिल्ला, तोंडात शिट्टी घेऊन आमच्या आडवा आला. आम्हाला बघून त्याला नेमकं काय करावं ते सुचेना. मग त्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं. "ताई, मंडळाची गाडी पुढं येऊ द्या. महिला मागं. चला, चला, मागं व्हा."

मागून अतुलही काहीतरी खुणावत होता. आमची रांग अडखळली. सरूबाई थांबली, मी थांबले. इतक्या वर्षांची सवय, मागं व्हा म्हटलं की पाय आपोआप मागं जातात. माझा एक पाय गेला होता मागं, खरं सांगते.

मावशी थांबली नाही. सगळ्यात पुढं, डाव्या हाताचं टोक तिच्याकडं होतं. तिनं ते खांद्यावरून काढून त्या पोरसवद्या कार्यकर्त्याच्या छातीशी नेलं, त्याला पितळी रिंगा दाखवल्या आणि समजावलं, चिडून नाही, टँकरच्या ओळीत मी तिला सांगायचे तसं.

"बाबा, हिचे हात पुढंच असतात. आधी हात पोचतात, मंग धड. असंच बनलेली हाय ती."

त्याची शिट्टी तोंडातच राहिली. मावशीनं टोक पुन्हा खांद्यावर घेतलं आणि चालू लागली. ताडपत्री ताणली गेली तशी आमची रांगही चालू लागली. ट्रॉलीला आमच्या मागून यावं लागलं.